लॉक दुकानात निघतं, पावती रस्त्यावर फाटते

आरटीओने किंवा वाहतूक पोलिसांनी ई-बाईकवर कारवाईची मोहीम काढली की आपल्याकडे एक ठरलेलं भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते, या बिननंबरच्या गाड्यांनी उच्छाद मांडलाय, सरसकट उचला. दुसरी म्हणते, धूर नाही, पेट्रोल नाही, गरिबाची गाडी आहे, कशाला मागे लागता? पहिल्यांच्या लेखी चालवणारा बेशिस्त, दुसऱ्यांच्या लेखी बिचारा. दोघांचीही नजर हँडल धरलेल्या माणसावरच खिळलेली. ती गाडी कुणी बनवली, कुणी विकली आणि तिचा वेग कुणी वाढवून दिला, हे प्रश्न या भांडणात क्वचितच कुणी विचारतं. ई-बाईकसाठी न्याय्य कायदा मागायचा तर सुरुवात तिथून करावी लागेल, असं माझं मत आहे. आजच्या नियमाने एक वेडीवाकडी रेघ मारून ठेवली आहे. तिच्या अलीकडे सगळं माफ, पलीकडे सगळं गुन्हा. आणि ती ओलांडण्याची किंमत ज्याला ती रेघ नीट दिसतही नाही त्याच्याकडून वसूल होते.

आधी ती रेघ पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या व्याख्येप्रमाणे विजेवरच्या दुचाकीची मोटर तीस मिनिटं सलग देऊ शकते ती ताकद ०.२५ किलोवॉटहून, म्हणजे २५० वॉटहून कमी असेल, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या वर जात नसेल, तर ती मोटार वाहन ठरत नाही. ब्रेक आणि पुढे-मागे रिफ्लेक्टर एवढं असलं की पुरे. नोंदणी नको, लायसन्स नको, विमा नको, कायद्याने हेल्मेटही नको. पायडल मारतानाच मोटरची साथ देणाऱ्या सायकलीही याच सवलतीत येतात. यातला कुठलाही एक आकडा ओलांडला की तीच गाडी कायद्याच्या नजरेत स्कूटर होते, आणि मग नंबरप्लेटपासून विम्यापर्यंत सगळा संसार मांडावा लागतो. मध्ये पायरी नाही. म्हणजे ताशी २४ ने जाणाऱ्या गाडीला विचारणारं कुणी नाही आणि ताशी ३५ ने जाणाऱ्या गाडीला ताशी ९० ने जाणाऱ्या स्कूटरचे सगळे नियम.

आता दुकानात चला. गिऱ्हाईक म्हणतं, गाडी जरा मंद वाटते. दुकानदार सीट उचलतो, किंवा पायाखालच्या पत्र्याचे चार स्क्रू काढतो. आत ॲल्युमिनियमच्या पेटीत कंट्रोलर बसवलेला असतो आणि त्यातून वायरींचा झुबका बाहेर आलेला असतो. त्यातल्या दोन वायरींना एक बारकं कपलर असतं. ते सोडवलं की गाडीला पंचवीसवर रोखून धरणारं वेगाचं लॉक गेलं. काही गाड्यांत कंट्रोलरच बदलून मिळतो. मिनिटांचं काम, आणि बऱ्याचदा ते डिलिव्हरीच्या आधीच उरकलेलं असतं. गिऱ्हाइकाला सांगितलं जातं एवढंच: ‘लायसन्स लागत नाही, पासिंग लागत नाही, चाळीसने पळते.’ यातला शेवटचा तुकडा खरा असेल तर पहिले दोन खोटे ठरतात, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. गिऱ्हाइकाला ठाऊक असावं अशी आपली अपेक्षा असते.

लॉक काढलेली गाडी मोटार वाहन झाली, म्हणजे ती चालवणाऱ्यावर काय काय लागू होतं? विनापरवाना चालवल्याचा दंड ५,००० रुपये, विमा नसल्याचा २,०००, नोंदणी नसल्याचा आणखी वेगळा. मुलगी सोळा वर्षांची असेल आणि तिला क्लासला जायला बापाने ती घेऊन दिली असेल, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९-अ आहेच. अल्पवयीनाने केलेल्या गुन्ह्यासाठी पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. आणि दुकानदाराला? गंमत अशी की त्याच दुरुस्तीत कलम १८२-अ सुद्धा आलं. नियम मोडून वाहन विकणाऱ्या किंवा त्यात फेरफार करणाऱ्या विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड. म्हणजे हत्यार कायद्यात आहे. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी बेकायदा ई-बाईकविरुद्ध कारवाईचे आदेश काढले, त्यात उत्पादक आणि विक्रेतेही होते. तरी अशा मोहिमेचं जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर राहतं ते चौकात अडवलेल्या पोरांचं आणि टेम्पोत चढवलेल्या गाड्यांचं. कारण सोपं आहे. रस्त्यावरचा माणूस हाताशी असतो. दुकान तपासायचं तर मोजणी करावी लागते, पंचनामा करावा लागतो, चाचणीचं प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष गाडी ताडून पाहावी लागते. ज्या राज्यात एआरएआय आणि सीआयआरटी या दोन्ही वाहन चाचणी संस्था आहेत, त्याही एकाच शहरात, पुण्यात, त्या राज्याला हे काम जड का जावं?

विरोधकांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. त्यातल्या काही तक्रारी शंभर टक्के खऱ्या आहेत. ही गाडी येते तेव्हा आवाज होत नाही, आणि फुटपाथवरून सकाळी फिरणाऱ्या सत्तरीच्या माणसाला त्याची जी धास्ती वाटते ती खोटी नाही. सोसायट्यांच्या आवारात बारा-बारा वर्षांची पोरं तिघं-तिघं बसून या गाड्या फिरवतात आणि तिथून बाहेरच्या रस्त्यावर येतात, हेही सगळ्यांनी पाहिलंय. मोटार वाहनच नाही म्हटल्यावर वयाची अटही नाही. ब्रिटनमध्ये अशीच, २५० वॉटची आणि ताशी साधारण २५ च्या मर्यादेची सायकल लायसन्सशिवाय चालवता येते, पण वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. आपल्याकडेही ही अट घालायला कुणाची हरकत असू नये. घालावी.

पण सगळ्यात वजनदार आक्षेप विम्याचा आहे, आणि ई-बाईकची बाजू घेणारे तो नेहमी गिळून टाकतात. एखाद्या स्कूटरने तुम्हाला उडवलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं, समोर विमा कंपनी असते. स्कूटरवाल्याकडे छदाम नसला तरी भरपाई मिळू शकते. मोटार वाहन नसलेल्या ई-बाईकने उडवलं तर हा दरवाजाच बंद. दिवाणी दावा लावा, वर्षानुवर्षं तारखा घ्या, आणि जिंकलात तरी वसूल कुणाकडून करणार? महिन्याला अठरा-वीस हजार कमावणाऱ्या पोराकडून? लॉक काढलेल्या गाडीचं तर आणखी वाईट. ती वाहन ठरते, पण विमा नसलेलं. म्हणजे ज्याचा पाय मोडला तोही बुडाला आणि ज्याच्या हातून मोडला तोही. ‘गरिबाची गाडी’ म्हणून सूट मागणाऱ्यांनी हे उत्तर द्यायला हवं: धडक बसते ती बहुतेकदा कुणाला? पायी चालणाऱ्याला, म्हणजे गाडीवाल्याहूनही गरीब असू शकेल अशा माणसाला.

मग सगळ्याच ई-बाईकना नंबर द्या, लायसन्स सक्तीचं करा, प्रश्न मिटला, असं कुणी म्हणेल. मिटत नाही. नंबरप्लेट कशावर इलाज आहे आणि कशावर नाही, हे आधी बघायला हवं. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला भर रस्त्यात उभ्या ई-स्कूटरने पेट घेतला, तो व्हिडिओ देशभर फिरला. ती चांगली वेगवान, कंपनीची, नोंदणीच्या वर्गातली स्कूटर होती. बॅटरीच्या आगीला नंबरप्लेट विझवत नाही. त्यावर उपाय झाला तो बॅटरीचे निकष कडक करून, म्हणजे कारखान्याच्या दारात. शिस्तीचंही तसंच. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांना ज्या वाहनांनी मारलं त्यातली बहुतेक रीतसर पासिंग झालेलीच असणार. वेग निम्मा झाला की धडकेतली ऊर्जा चौथाईवर येते. पंचवीसच्या आत खरोखर राहणारी, साठ किलोची गाडी ही रस्त्यावरच्या धोक्यांच्या यादीत फार खाली आहे. तिला सायकलीच्या रांगेतून उचलून स्कूटरच्या रांगेत बसवण्याने रस्ता सुरक्षित होत नाही. फक्त गुडघे गेलेले निवृत्त मास्तर आणि चार घरी पोळ्या करणाऱ्या मावशी घरी बसतात, किंवा बिनकागदाच्या चालवतात.

आपण हा प्रयोग सायकलींवर करून पाहिलेला आहे. नगरपालिकेचा सायकल कर होता, त्याचा पत्र्याचा बिल्ला दरवर्षी घ्यावा लागे आणि तो सायकलीला लावावा लागे. रात्री दिवा नसला की पोलीस अडवत, डबलसीट दिसली की अडवत, आणि पावतीऐवजी चाकातली हवा सोडून देणारा हवालदार तर प्रत्येक गावच्या आठवणीत आहे. दिव्याचा नियम योग्यच होता, आजही हवा. बिल्ल्याने मात्र कुठला अपघात टळला? पुढे बहुतेक ठिकाणी तो कर गेला, बिल्ले गेले, आणि त्यामुळे रस्त्यावर काही आकाश कोसळल्याचं कुणाला आठवत नाही.

आता त्या २५० वॉटकडे येतो, कारण लोक लॉक का काढतात याचं निम्मं उत्तर तिथे आहे. साठ किलोची गाडी, वीस किलोची बॅटरी (लेड-ॲसिडची असेल तर आणखी जड), सत्तर किलोचा माणूस, मिळून दीडशे किलो. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर हे वजन ताशी २५ ने वर न्यायचं तर नुसतं उचलायलाच ५१० वॉट लागतात. वारा आणि टायरचं घर्षण वेगळं. मोटर खरोखर २५० वॉट देत असेल तर कागदावर ताशी १२ चा वेग पडतो, प्रत्यक्षात दहाच धरा. उड्डाणपुलापुरती मोटर काही सेकंद जास्त ताकद देऊन जाते, नियम तीस मिनिटांच्या ताकदीचा असल्याने त्याला वावही आहे. पण रत्नागिरीतला चढ, साताऱ्यातला यवतेश्वरचा रस्ता, कात्रजचा घाट हे काही सेकंदांत संपत नाहीत. दहाच्या वेगाने, डगमगत, मागून डंपर येत असताना चढणं सुरक्षित आहे का? नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सपाट रस्ता असावा. वेगाची मर्यादा ठेवा, ती माणसं वाचवते. पण वेग २५ वरच बांधलेला असेल, तर ताकद ५०० वॉट असली काय नि २५० असली काय, ज्याला धडक बसायची त्याच्या दृष्टीने फरक काय? ताकदीवरची मर्यादा पायी चालणाऱ्याला फारसं काही देत नाही, आणि चढावरच्या गावातल्या माणसाला मात्र दुकानदाराच्या पान्यापाशी नेऊन सोडते.

नुसती सवलतीची रेघ वर सरकवून मात्र भागणार नाही, आणि याचा पुरावा आपल्याच देशात आहे. ई-रिक्षा दिल्लीत आल्या त्या याच ‘२५० वॉटच्या आत आहोत, आम्ही वाहनच नाही’ या आडोशाने. मोटर प्रत्यक्षात त्याहून ताकदवान असे. जून २०१४ मध्ये नितीन गडकरी यांनी दिल्लीतल्या सभेत ६५० वॉटपर्यंतच्या ई-रिक्षांना मोटार वाहनांतून वगळण्याची घोषणा केली. टाळ्या पडल्या. पुढच्याच महिन्यात त्रिलोकपुरीत ई-रिक्षाच्या धक्क्याने एक बाळ आईच्या कडेवरून उकळत्या पाकाच्या कढईत पडून दगावलं, आणि जुलैअखेर दिल्ली उच्च न्यायालयाने या रिक्षा बंद केल्या. हजारो चालकांची रोजीरोटी एका दिवसात थांबली. मग सरकारला जे आधी करायला हवं होतं ते सुचलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये ई-रिक्षाचा स्वतंत्र वर्ग नियमांत आला: चार प्रवासी, ताशी २५, मोटर २,००० वॉटपर्यंत, आणि नोंदणी, लायसन्स, विमा. २०१५ मध्ये मूळ कायद्यात दुरुस्ती झाली आणि चालकांसाठी लायसन्सची वाटही सोपी केली गेली. आज ई-रिक्षांबद्दल शंभर तक्रारी असतील, पण ती चालवणारा चोर नाही. खोट्या २५० वॉटऐवजी खरा आकडा आणि त्याला झेपेल एवढी जबाबदारी, हा सौदा तेव्हा जमला. दुचाकीला तो का जमू नये?

ती मधली पायरी आपल्याला नवी नाही. १९७२ मध्ये आलेली लूना आठवा. पायडल होतं, तरी ५० सीसीचं इंजिन होतं, म्हणून नंबर होता. पण कायद्याने तिच्याकडे बुलेटच्या नजरेने पाहिलं नाही. ५० सीसीपर्यंतच्या गाडीला सोळाव्या वर्षी लायसन्स मिळण्याची सोय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. पन्नास सीसीच्या गाड्या बाजारातून जवळपास गेल्या, सोय कागदावर राहिली. ताशी २५ ते ४५ मधल्या हलक्या ई-बाईकसाठी अशीच सोय हवी: नंबर दुकानातच लागावा, सोळाव्या वर्षी सुटसुटीत लायसन्स मिळावं, हेल्मेट आणि विमा सक्तीचे असावेत. हे गरिबाला परवडणार नाही हा युक्तिवाद मला आता ऐकवत नाही. बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणीचं शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्येच माफ केलंय. तीन किलोवॉटपर्यंतच्या ई-दुचाकीचा तिसऱ्या पक्षाचा विमा २०२२ च्या दराने वर्षाला ४५७ रुपये. कर सोडून महिन्याला चाळीस रुपयांच्या आत. एवढ्यात ज्याचा पाय मोडेल त्याला न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडतो. लोकांना नको असतात ते हेलपाटे, एजंट आणि अर्धा दिवस बुडवून उभं राहायची रांग. भांडायचं तर त्याविरुद्ध भांडा.

न्यूयॉर्कचं उदाहरण इथे लागू पडतं, कारण तिथेही जेवण पोहोचवणाऱ्यांच्याच पाठीवर काठी पडली. हाताने थ्रॉटल फिरवून चालणाऱ्या ई-बाईक तिथे बेकायदा होत्या. २०१७ च्या अखेरीस महापौरांनी मोहीम जाहीर केली. ५०० डॉलर दंड आणि गाडी जप्त. चालवणारे बहुतेक चिनी आणि लॅटिन अमेरिकी स्थलांतरित, दहा मिनिटांत जेवण हवं असणारं गिऱ्हाईक मात्र निर्दोष. कामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनी लढून २०१९ मध्ये विधिमंडळातून कायदा करून घेतला, गव्हर्नरांनी तो नाकारला, आणि करोनाच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये, त्याच गाड्या अर्थसंकल्पाच्या विधेयकातून कायदेशीर झाल्या. शहर घरात बसलं होतं तेव्हा कुणाची गाडी लागते ते सरकारला दिसलं. नंतर स्वस्त बॅटऱ्यांच्या आगींत माणसं मेली तेव्हा शहराने २०२३ मध्ये प्रमाणित नसलेल्या बॅटरीच्या विक्रीवरच बंदी घातली, म्हणजे ओझं दुकानावर टाकलं. आणि तरी २०२५ मध्ये तिथले पोलीस पुन्हा सिग्नल तोडल्याबद्दल ई-बाईकवाल्यांना फौजदारी समन्स देऊ लागले, जिथे मोटारवाल्याला साधी पावती मिळते. एकदा जिंकलेली लढाई जिंकलेलीच राहते असं नाही.

आपल्या सरकारचा कल कुणाकडे आहे ते अनुदानातही दिसतं. २०१९ पासूनच्या फेम-२ योजनेत ई-दुचाकीला अनुदान हवं तर कमाल वेग किमान ताशी ४० आणि एका चार्जिंगमध्ये किमान ८० किलोमीटरचा पल्ला लागे. म्हणजे लाखाच्या स्कूटरला मदत आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात संथ, सगळ्यात निरुपद्रवी गाडीला शून्य. साध्या सायकलीवर तर सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के जीएसटी होता, आणि विजेवरच्या आलिशान मोटारीवर ५ टक्के. संथ गाडीवाल्याने नियम पाळावा यासाठी त्याला काय दिलं आपण?

मागण्या कुणाकडे करायच्या, तेही नीट समजून घेतलं पाहिजे. नाहीतर निवेदनं चुकीच्या टेबलावर जातात आणि फोटो तेवढे निघतात. २५० वॉट आणि ताशी २५ ची व्याख्या नियमात आहे, कायद्यात नाही. ती बदलायला संसद लागत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढली की झालं, आणि त्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी साधारण तीस दिवस मिळतात. अशा मसुद्यांवर कंपन्यांची आणि त्यांच्या संघटनांची पत्रं वेळेत पोहोचतात. ज्येष्ठ नागरिक संघांची, डिलिव्हरी कामगारांच्या संघटनांची, घाटावरच्या नगरपालिकांची किती पोहोचत असतील? दुकानांची तपासणी मात्र राज्याच्या हातात आहे. तिथे परिवहन आयुक्तांकडे मागायची गोष्ट एकच: पुढच्या मोहिमेचा हिशेब किती गाड्या उचलल्या असा न देता, कलम १८२-अ खाली किती विक्रेत्यांवर खटले भरले असा जाहीर करा. आणि लॉक काढून विकलेली गाडी रस्त्यावर सापडली, तर दुकानदाराने ती स्वखर्चाने मूळ स्थितीत आणून द्यावी किंवा पैसे परत करावेत. तोवर पहिल्यांदा सापडलेल्या चालकाला दंड न करता बिल दाखवायला सांगावं. बिलावर दुकानाचं नाव आणि पत्ता छापलेला असतोच.